‘अर्ध्या टक्क्याने कोण मरतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या रविवारी मी फेनिटॉइन सोडियम या फिटवरच्या औषधाच्या रेफरन्स स्टँडर्डवर लिहिलं होतं. फिटच्या गोळ्या तपासताना ज्या व्हायलमधल्या (छोट्या बाटलीतल्या) प्रमाणित पावडरीशी ताडून पाहतात, ती कशी सांभाळावी आणि उघडलेली व्हायल महिनोन्‌महिने का ओढू नये, एवढाच विषय. त्याखाली ‘एक अनुभवी फार्मासिस्ट’ या नावाने प्रतिक्रिया आली. वर्किंग स्टँडर्ड (लॅबने रोजच्या वापरासाठी स्वतः तयार केलेलं) चालतं, मी उगाच बाऊ केला. पेशंटला फिट येते ती बहुतेक वेळा गोळी चुकल्यामुळे. रेणुभार चुकीचा दिलाय. आणि शेवटी : ‘अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तर कोण मरतं? ही लॅबवाल्यांची दुकानदारी आहे.’

रेणुभाराचं आधी. चूक माझीच. 252.27 हा नुसत्या फेनिटॉइनचा, त्याच्या सोडियम क्षाराचा 274.25. म्हणजे 100 मिलिग्रॅम क्षारात फेनिटॉइन साधारण 92 मिलिग्रॅम. लेखात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिलंत त्याबद्दल आभार.

पण साहेब, चूक दाखवण्याची एक रीत असते. मी नाव लावून लिहितो, तुम्ही नाव झाकून ‘दुकानदारी’ म्हणता. बावीस वर्षं नाशिकच्या सातपूर-अंबडच्या लॅबमध्ये उभं राहून काढली आहेत. व्हायल विकून मला एक रुपया मिळालेला नाही. भारतीय फार्माकोपियाचं (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाचं) स्टँडर्ड गाझियाबादच्या आयोगाकडून येतं, माझ्या दुकानातून नाही. माझं दुकानच नाही.

आता तो अर्धा टक्का. हा आकडा तुम्ही आणलात कुठून? माझ्या लेखात तो कुठेही नाही. फेनिटॉइन सोडियम ओलावा ओढतं, हे अनुभवी माणसाला मी सांगायची गरज नसावी. व्हायल 2 ते 8 अंशांवर ठेवलेली असेल तर बाहेर काढून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं असतं. घाईत झाकण उघडलं की हवेतली वाफ थेट पावडरीवर बसते. आमच्याकडे जुलैत, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, एका नव्या मुलाने तेच केलं. मी काट्याजवळच उभा होतो. जी पावडर पिठासारखी सुटी पडायला हवी, ती स्पॅट्युलाला चिकटून बसली होती. डेसिकेटरमधली (पावडर कोरडी ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका जेल ओलावा पिऊन कधीच गुलाबी झालेली, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी त्याच बॅचच्या गोळ्या, मशीनच्या त्याच कॉलमवर (औषध वेगळं करणाऱ्या नळीवर), नवीन व्हायल उघडून परत लावल्या. गोळीत लेबलवरच्या मात्रेच्या आधी 98.9 टक्के आले होते, आता 96.4 आले.

हे असं का होतं ते नीट वाचा. तुम्ही स्टँडर्डची 10 मिलिग्रॅम पावडर तोलता आणि त्यातलं काही पाणी असतं. मशीनला औषध कमी दिसतं, पण हिशोबात आपण पूर्ण 10 धरतो. त्यामुळे स्टँडर्ड जितकं कमजोर, तितकी गोळी ताकदवान दिसते. समजा पास व्हायची किमान मर्यादा 95 ची आहे आणि स्टँडर्डमध्ये 3 टक्के पाणी शिरलंय. मग खरी 93 ची गोळी कागदावर 95.9 होते आणि पास होऊन बाजारात जाते. तुमचाच अर्धा टक्का धरायचा तर 94.6 ची गोळी 95.1 होते. तीही पास! एखादी गोळी हलकी निघाली तर नुकसान त्या एका गोळीपुरतं राहतं. स्टँडर्डची चूक अख्ख्या बॅचवर बसते, आणि रोज तीच गोळी घेणाऱ्याला ती रोज लागते.

आणि फेनिटॉइन हे तापाच्या गोळीसारखं औषध नाही. रक्तात मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम ही त्याची उपयुक्त पातळीची पट्टी. यकृताची ते पचवायची ताकद एका टप्प्यानंतर संपते, मग डोस जरासा वाढला तरी पातळी एकदम चढते. 1968 साली ऑस्ट्रेलियात एका उत्पादनात फेनिटॉइन तेवढंच ठेवून फक्त भरणीचा पदार्थ बदलला, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं, तर रुग्णांना विषबाधेची लक्षणं आली. तो स्टँडर्डचा दोष नव्हता, हे तुम्ही लिहिण्याआधी मीच लिहितो. पण या औषधात ‘थोडंसं’ म्हणजे काय, ते त्यावरून कळतं.

‘कोण मरतं’ असं तुम्ही सहज विचारलंत. माझी धाकटी बहीण चौदाव्या वर्षापासून फेनिटॉइनवर होती. आम्ही पंचवटीत राहायचो, गोळ्या रविवार कारंज्याजवळून आणायचो. रात्री फिट आली की आई तिला कुशीवर वळवून धरायची आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटं मोजायचो. एखादी बॅच खराब होती असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण ती मिनिटं ज्याने मोजली आहेत, त्याला हा प्रश्न या सुरात विचारू नका.

बाकीचे मुद्दे. गोळी चुकली की फिट येते हे खरं आहे, पण लेख गोळी घेण्याबद्दल नव्हताच. वर्किंग स्टँडर्डला मी कधी नाही म्हटलं? ते रेफरन्स स्टँडर्डशी ताडून घेतलेलं हवं, इतकंच म्हटलं होतं. आणि ताडायला मूळ व्हायल धड असावी लागते, तोच तर लेख होता. पूर्ण वाचला असतात तर हे दोन परिच्छेद वाचले असते.

वर्किंग स्टँडर्डवर वेगळं लिहायचं ठरलेलंच आहे, ते लिहीन. तिथे तुमच्या शंका जरूर मांडा. तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. ‘दुकानदारी’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा, आणि तो नाव लावून घ्यावा, एवढी माझी अपेक्षा आहे.