खुलासा : ती डायरी नव्हे, कादंबरी आहे

थान्हा लाई यांचं ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ म्हणजे दहा वर्षांच्या निर्वासित मुलीनं लिहिलेली डायरी, तिला न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार) मिळालं, असा मेसेज फिरतोय. सुरुवात माझ्याच पोस्टपासून झाली, चूक माझी.

पुस्तक पुन्हा काढून पाहिलं. ही मुक्तछंदातली कादंबरी आहे, २०११ची. लाई १९७५मध्ये व्हिएतनाममधल्या सायगॉनहून अमेरिकेतल्या अलाबामात आल्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या खऱ्या, पण लिहिलं मोठेपणी. कादंबरीतल्या मुलीचं नाव ‘हा’. ‘हा’वर ओढवलेलं बरंचसं आपल्यावरही गुदरलं, असं त्या शेवटच्या टिपणात सांगतात. तरी ‘हा’ म्हणजे लाई नव्हेत.

पुस्तकाला २०११चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. न्यूबेरीचा सन्मान (ऑनर, म्हणजे पदकाखालोखालचा मान) मिळाला, पदक नाही. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.