जुना कॉम्प्युटर कबाडीला देण्याआधी: व्हायरल संदेशातला एकेक दावा तपासून

नागपुरातल्या सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: "विंडोज १० बंद झाली. ५-६ वर्षांहून जुने सगळे कॉम्प्युटर आता निकामी. लिनक्स फक्त इंजिनिअर लोकांसाठी आहे, त्यात मराठी नीट येत नाही आणि प्रिंटर चालत नाही. जुनी मशीन आपल्या उन्हाळ्यात जळतात आणि वीज खातात. आजच कबाडीला द्या, नवीन घ्या." हा संदेश वाचून चांगली चालती यंत्रं कवडीमोलाने जात आहेत. त्यातल्या काही वाक्यांत तथ्य आहे, म्हणून सरसकट झिडकारण्याऐवजी एकेक दावा घेतो.

"विंडोज १० बंद झाली"

बंद झाला तो मायक्रोसॉफ्टचा मोफत पाठिंबा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. कॉम्प्युटर त्या दिवशी चालत होता तसाच पुढेही चालतो. फक्त नव्याने सापडलेल्या सुरक्षेच्या भगदाडांना ठिगळं मिळत नाहीत. ही गोष्ट किरकोळ नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं, ते तसंच इंटरनेटला जोडून ठेवू नये. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट देऊ केले. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते. सेटिंगमधल्या 'विंडोज अपडेट' पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. ही मुदत म्हणजे निर्णय शांतपणे घेण्यासाठी मिळालेला वेळ आहे, एवढाच तिचा अर्थ.

"५-६ वर्षांहून जुनं म्हणजे निकामी"

वय पाहून काहीच ठरत नाही, प्रोसेसरची पिढी पाहावी लागते. इंटेलच्या नावातला आकडा वाचा: आय५-७४०० सातव्या पिढीचा, आय५-८४०० आठव्या. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालते, आणि आठवी पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे बरीच सात-आठ वर्षं जुनी मशीनही पात्र आहेत.

तरीही त्यांवर "हा पीसी पात्र नाही" असं येतं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेल बोर्डावर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' (tpm.msc) हा आदेश चालवा. 'सापडलं नाही' असं आलं तर बायोसच्या सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्ड भागात जाऊन पीटीटी चालू करा. दुसरं कारण म्हणजे डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची आणि बूट (मशीन सुरू होणं) जुन्या 'लेगसी' मोडमध्ये. विंडोजमध्येच येणाऱ्या 'एमबीआर टू जीपीटी' या साधनाने तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत आणता येते. आधी डेटाची प्रत काढा, नंतर डिस्कची पद्धत बदला आणि मगच बायोसमध्ये यूईएफआय हा नवा बूट मोड निवडा. उलट क्रमाने केलं तर मशीन बूटच होत नाही, आणि मग दुकानात "बोर्ड गेला" असंही ऐकून घ्यावं लागतं.

सातव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या मशीनवर नियम चुकवून विंडोज ११ टाकून देणारे बरेच आहेत. रोजच्या कामाच्या मशीनवर ते करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या अपडेटची हमी राहत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. तिला लागणारे काही आदेश त्या प्रोसेसरना कळतच नाहीत.

"लिनक्स इंजिनिअर लोकांसाठी"

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत सिस्टिम, आणि मिंट हा तिचा एक प्रकार. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत पाठिंबा आहे. किमान २ जीबी रॅमवर ती बसते, पण ब्राउझर वापरायचा तर ४ जीबीच्या खाली जाऊ नका. ८ जीबी असेल तर दिवसभराचं ऑफिसकाम आरामात होतं. ४ जीबीवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या.

काहीही न पुसता आधी चाचणी घेता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, रूफस किंवा बलेना एचर हे साधन वापरून त्यावर आयएसओ (मिंटच्या संकेतस्थळावरून उतरवलेली इन्स्टॉलची फाइल) लिहा. लिहिण्याआधी फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल हे इन्स्टॉल अडकण्याचं नेहमीचं कारण आहे. मग मशीन सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआय बोर्डावर एफ११.

लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवताना, वेग तपासू नका, तो मंदच असतो. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि लॅपटॉपचं झाकण मिटून परत उघडणं, हे तपासा. काही जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉम वायफायला वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून तो उतरवून घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) बहुधा 'रेड' असतो, तो 'एएचसीआय' करा. त्याच डिस्कवर विंडोजही ठेवायची असेल तर आधी तिचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

संदेशात जे म्हटलेलं नाही, पण म्हणायला हवं होतं, ते हे: टॅली आणि डिजिटल सहीचे यूएसबी टोकन यांवर ज्यांचा धंदा चालतो, त्यांनी त्या कामासाठी विंडोज ११ चं एक मशीन ठेवावं. इतवारीतल्या एखाद्या पेढीत पाच कॉम्प्युटर असतील, तर बाकी चार लिनक्ससाठी मोकळे होतात.

"मराठी नीट येत नाही"

हा दावा सरळ खोटा आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट' उघडून भारतीय भाषांमधला मराठी कगप फोनेटिक लेआउट जोडता येतो. इंग्रजी अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांसाठी आयबस (टायपिंगची पद्धत बदलणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, एकदा लॉगआउट करून परत या. इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींचा प्रमाण कीबोर्ड) तर विंडोजवर होतं तेच: ळ साठी शिफ्ट-एन. 'दुसऱ्या'मधला ऱ शिफ्ट-जे वर आहे, त्यानंतर डी वरचा हलंत आणि मग य. हा ऱ न वापरता साधा र टाइप केला की 'दुसर्या' असं उमटतं आणि दोष सिस्टिमला दिला जातो.

खरी अडचण दुसरीकडे आहे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधल्या फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे नव्या विंडोजवरही तो फाँट नसला तर हेच होतं. वाचण्यापुरता तोच फाँट नव्या सिस्टिमवर टाका. कायमचं काम करायचं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासाच. त्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, म्हणून रूपांतरात घसरतात ते नेमके हेच दोन.

"प्रिंटर चालत नाही"

अर्धं खरं. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीएलआयपी या पॅकेजवर चालतात. ऑफिसांत खूप दिसणारा लेझरजेट १०२० मात्र स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) साठवत नाही, दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरकडून घ्यावं लागतं. एचपीचा प्लगइन बसवला नाही तर रांगेत 'पूर्ण' असं दिसतं आणि कागद काही बाहेर येत नाही. कॅननचा एलबीपी २९०० त्याहून त्रासदायक आहे. त्याची भाषा कॅननची स्वतःची आहे आणि मुक्त ड्रायव्हर त्याच्या तोडीचा नाही. तो प्रिंटर असेल आणि रोज शंभर पानं निघत असतील, तर त्याला विंडोजच्याच मशीनला जोडा. नवीन प्रिंटर घेताना एअरप्रिंट चालतं का एवढं विचारा. तसे प्रिंटर लिनक्सवर सहसा ड्रायव्हरविना चालतात.

"आपल्या उन्हाळ्यात जळतात"

नवतपात (मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाहेर ४५ अंश असतं तेव्हा कोणताही कॉम्प्युटर तापतो, नवा असला तरी. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतो आणि त्याही पुढे गेलं तर मशीन बंद होतं. दहा मिनिटांनी मंद होणारं किंवा अचानक विझणारं मशीन बहुधा मेलेलं नसतं, त्याची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्यावरच्या कूलरकडे नेणारा लेप) वाळलेली असते.

मशीन बंद करून वायर काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा, कारण पंखा हवेने जोरात फिरला की बेअरिंग बिघडतं. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि प्रोसेसरच्या मध्यभागी नव्या पेस्टचा ४-५ मिलिमीटरचा एक ठिपका द्या. प्रोसेसरवर बसणाऱ्या इंटेलच्या मूळ कूलरला चार खिळ्या असतात, त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबत जा. एक खिळी अर्धवट राहिली तरी तापमान ९० च्या वर जातं, आणि दहापैकी नऊ वेळा दोष पेस्टला दिला जातो. मे महिन्यात काही न करता ५० अंशांच्या आसपास आणि भरपूर कामात ८५ च्या खाली, एवढं चांगलं आहे.

आपल्याकडचा खरा शत्रू घरातला पाण्याचा कूलर. त्याची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर आली की धूळ चिकट होऊन प्रोसेसरच्या कूलरच्या पट्ट्यांमध्ये (फिन्समध्ये) घट्ट बसते आणि रॅमच्या संपर्कांवर थर धरते. मग बीप वाजतात आणि पडदा काळा राहतो. रॅम काढून सोनेरी कडा अल्कोहोलने पुसा आणि परत क्लिक होईपर्यंत बसवा. खोडरबराने घासू नका, त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि वरचा मुलामा झिजतो.

२००० ते २००७ च्या बोर्डांवर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर (डबीसारखे छोटे गोल भाग) वरून फुगलेले आहेत का ते पाहा. त्या काळात सदोष कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) लावा आणि ऋण बाजूची पट्टी जुळवा.

"वीज खातात"

तिसऱ्या-चौथ्या पिढीचा डेस्कटॉप साध्या कामात मॉनिटर वगळून ४० वॉटच्या आसपास घेतो. रोज ४ तास धरले तर महिन्याला सुमारे ५ युनिट होतात. पेंटियम ४ किंवा पेंटियम डी च्या बाबतीत मात्र संदेश बरोबर आहे. ती चालू ठेवणं परवडत नाही, रोजच्या कामाला ती घेऊ नका. त्याही आधीची ३८६-४८६ मशीन वेगळ्या कारणासाठी जपण्यासारखी असतात. त्यांच्या बोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते, म्हणून सगळ्यात आधी ती काढा. डाग व्हिनेगरने पुसून मग अल्कोहोलने स्वच्छ करा. हार्ड डिस्कऐवजी अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड चालतं, कारण ते मुळातच आयडीई ही जुन्या डिस्कची भाषा बोलतं. त्यावर फ्रीडॉस (जुन्या डॉससारखी मोफत सिस्टिम) टाकता येतो.

"आजच कबाडीला द्या"

द्यायचंच ठरवलं, तर आधी तीन गोष्टी बघा. घड्याळ दर वेळी मागे जात असेल आणि सगळ्या साइट 'असुरक्षित' दाखवत असतील, तर फक्त बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. मशीन सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील, तर हार्ड डिस्क बदलून २४० जीबीचा साटा एसएसडी लावा, फरक लगेच दिसतो. रॅम वाढवताना चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल घ्या. नागपूरच्या बर्डी बाजारात साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ मिळाली तर ती स्लॉटमध्ये बसेल, पण बऱ्याच लॅपटॉपवर पडदाच येणार नाही.

हे सगळं करूनही मशीन जायचंच असेल, तर डिस्क त्याच्यासोबत जाऊ देऊ नका. फॉरमॅट केल्याने आधार-पॅनचे स्कॅन आणि बँकेची विवरणं पुसली जात नाहीत, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने ती परत निघतात. हार्ड डिस्क लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून 'एनवाइप'ने एकदा पूर्ण शून्यांनी भरा. ५०० जीबीला दीड ते दोन तास लागतात. एसएसडीला ही पद्धत पुरत नाही, तिच्यासाठी बायोसमधलं किंवा कंपनीच्या साधनातलं 'सिक्युअर इरेज' वापरा. डिस्क ओळखलीच जात नसेल तर स्क्रू खोलून ती बाहेर काढा, घरी ठेवा, आणि उरलेलं मशीन नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.