‘मलयला व्याकरणच नाही’ म्हणे!

मलेशियात शिकायला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मजकूर साधारण असा असतो: ‘मलय ही जगातली सर्वांत सोपी भाषा. लिंग नाही, काळ नाही, व्याकरणच नाही. अनेकवचन हवं तर शब्द दोनदा म्हणा. अर्धे शब्द संस्कृत. तीन महिन्यांत बोलाल. नाहीच जमलं तर इंग्रजी आहेच.’ यातल्या बऱ्याच वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, पंचाईत तीच आहे.

लिंग नाही, कबूल. क्रियापद काळानुसार बदलत नाही, हेही कबूल. पण काळ सांगावा लागतोच. तो ‘सुदाह’ (झालं), ‘सदांग’ (चाललंय), ‘आकान’ (होणार) असल्या शब्दांनी सांगतात. ‘जेवलास का?’ याला ‘तिदाक’ म्हणजे नुसतं ‘नाही’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला खटकतं. तिथे ‘बलुम’ लागतं, ‘अजून नाही’.

अनेकवचनाचं तसंच. पुस्तकं म्हणजे ‘बुकू-बुकू’ खरं, पण तीन पुस्तकं म्हणताना शब्द दोनदा म्हणणं चूक. तिथे ‘तिगा बुआह बुकू’. हा मधला ‘बुआह’ म्हणजे फळ. वस्तू मोजायला फळ, जनावरं मोजायला ‘एकोर’ म्हणजे शेपूट, आणि पत्र व बंदूक दोन्ही मोजायला ‘पुचुक’, म्हणजे कोंब! आपल्याकडे ‘तिघे’, ‘चौघी’ आहेत, तेही माणसांपुरते. इथे कशाला काय लावायचं ते पाठच करावं लागतं.

आता ‘व्याकरणच नाही’. हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं मलय शब्दकोश उघडलेला नसावा. ‘आजार’ हा मूळ शब्द घ्या (घाबरू नका, अर्थ शिकवण). त्यातून ‘बलाजार’ शिकणे, ‘मङाजार’ शिकवणे (वाङ्मयातला ङ), ‘पलाजार’ विद्यार्थी, ‘पलाजारान’ धडा, ‘पङाजारान’ अध्यापन, ‘मम्पलाजारी’ एखादा विषय अभ्यासणे. शिवाय उपसर्ग लागला की कधी मूळ शब्दाचं पहिलं अक्षर गळतं: ‘तुलिस’चं ‘मनुलिस’, ‘पुकुल’चं ‘ममुकुल’, ‘सापू’चं ‘मन्यापू’. देवान बहासा दान पुस्ताका या सरकारी भाषासंस्थेचा कोश मूळ शब्दाखाली लावलेला आहे. ‘मन्यापू’ वाचून म खाली शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. आधी ‘सापू’ ओळखता यायला हवं, आणि नवख्याचं घोडं अडतं ते तिथेच.

संस्कृत शब्द भरपूर आहेत, अर्धे मात्र नाहीत; अरबी आणि पोर्तुगीजही आहेत, आणि खाणं, पाणी, हात, डोळा हे शब्द मलयचे स्वतःचे. जे संस्कृत आहेत त्यांच्यावरही डोळे मिटून विसंबू नये. ‘नगारा’ म्हणजे देश. ‘चिंता’ म्हणजे प्रेम. ‘संगसारा’, म्हणजे आपला संसार, याचा अर्थ हालअपेष्टा. (यावर घरोघरी दुमत नसावं.)

मराठी मुलांचा खरा फायदा या मजकुरात आलेलाच नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘किता’ आणि वगळून ‘कामी’. हे आपलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ‘बुकान’ आणि ‘तिदाक’ हे पुष्कळसं ‘नव्हे’ आणि ‘नाही’. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात. लिपीचंही तसंच. रोमन लिपीत मलयचे ‘इ’ आणि ‘उ’ ठीक, पण ‘ए’साठीचं अक्षर (e) दोन उच्चारांचं ओझं वाहतं. लाथ मारणे ‘सेपाक’, थोबाडीत मारणे ‘सपाक’. रोमन स्पेलिंग एकच. वहीत देवनागरीत टिपलंत तर गोंधळच नाही.

तीन महिन्यांबद्दल: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना मलयसाठी सुमारे 36 आठवडे देते, तेही पूर्णवेळ. जर्मन त्याच गटात आहे.

राहिलं इंग्रजी. मलेशियातल्या खाजगी विद्यापीठांत शिकवणं इंग्रजीत चालतं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना संभाषणापुरत्या मलयचा एक सक्तीचा विषय असतो. तो उत्तीर्ण होणं कठीण नाही. पण पुस्तकातलं ‘तिदाक’ रस्त्यावर ‘ताक’ होतं, ‘हन्दाक’चं (हवं) ‘नाक’, ‘साहाजा’चं (फक्त) ‘जे’. ‘ताक नाक’ म्हणजे ‘नको’, ताकाशी वा नाकाशी संबंध नाही. उत्तरेला कलांतानात गेलात तर ‘माकान’ (खाणे) हे ‘माकॅ’ असं ऐकू येतं. पुस्तकातलं ‘आन्दा’ (तुम्ही) जाहिरातींत आणि सूचनांत शोभतं. समोरच्या माणसाला आबांग, काकाक, माक चिक म्हणजे दादा, ताई, मावशीच म्हणतात. हे मात्र मराठी मुलाला शिकवावं लागत नाही.

नासी लमाकच्या (नारळाच्या दुधातला भात) टपरीवर ‘सांबाल ताक नाक, माक चिक’, म्हणजे ‘मिरचीची चटणी नको, मावशी’, एवढं धीर करून म्हणून बघा. मावशी खूश होतात, भराभर मलयमध्ये पुढचं काहीतरी विचारतात, आणि आपल्याला त्यातलं फक्त ‘माकान’ कळतं.