विश्रांतीला उरलेला वेळ देऊ नका, ठरलेला वेळ द्या

दिवसभर राबून घरी यायचं, सोफ्यावर आडवं व्हायचं आणि दोन तास मोबाईल बघायचा, याला आपण आराम म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. डोळे चुरचुरतात, मान आखडते आणि अकराला पाठ टेकली तरी झोप येत नाही. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या ऑफिसात मी काम करते. भट्टीच्या धगीपुढून उठलेली माणसं कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मोबाईलमध्ये डोकं घालतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आपण कोल्हापूरचे, तालमी बघत वाढलेले. पहाटेची मेहनत झाली की पैलवान अंगाला लाल माती चोळून घाम जिरवत बसतो. मग आंघोळ, थंडाई, जेवण आणि दुपारची झोप. त्या झोपेला कुणी आळस म्हणत नाही. पोरगं दुपारी गावभर हिंडलं तर वस्ताद त्याला जोर चुकवल्याइतकंच झापणार, कारण अंग भरतं ते विश्रांतीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

रविवारची सुट्टीसुद्धा फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा 10 जून 1890 ला ती मिळाली. 1948 च्या कारखाना कायद्याने सलग 5 तासांच्या वर काम नको, मध्ये किमान अर्धा तास विसावा हवा, असं ठरवून दिलं. कारखान्यात ठरलेला हा अर्धा तास घरी मात्र ‘सगळं उरकल्यावर बघू’ असा होतो. आणि घरचं कधी उरकतं, ते कुठल्याही नोकरी करणाऱ्या बाईला विचारा. तिची कामाची दुसरी पाळी उंबरठ्यातच सुरू होते. पुरुषाचा आराम बायकोच्या दमण्यावर उभा असेल तर त्याला घराची चांगली सवय म्हणता येणार नाही, हे मी ठामपणे सांगते.

आमच्या घरी आता ठरलंय. आल्यावर हातपाय धुवायचे, मोबाईल देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवायचा आणि मागच्या दारच्या पायरीवर पाय पसरून अर्धा तास बसायचं. त्या वेळात हे कुकर लावतात, सासूबाई भाजी निवडतात. मी सवयीनं उठायला लागले की त्याच म्हणतात, “बस गं जरा, भात काय पळून जात नाही.” तेवढ्यानं खांदे सैल पडतात.

संध्याकाळचा कडक चहाही बंद केलाय. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे सातचा चहा बाराला अंगात असतोच. जेवून रंकाळ्यावर जातो, पण चौपाटीच्या गर्दीत नाही, संध्यामठाच्या बाजूला. तिथं गप्पा मारायच्या, हिशोब आणि ऑफिस काढायचं नाही. कधी परतताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. फेस मिशीला लागला की ह्यांना लहान पोरासारखं हसू येतं.

रात्रपाळीवाल्यांना यातलं निम्मं जमणार नाही, त्यांची झोप दिवसाउजेडी. तिथं शेजाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. समोरच्या घरातला माणूस पाळी करून झोपलाय हे माहीत असेल, तर दुपारी बेल वाजवू नका, दारात गाडी रेस करू नका, चटणीचा मिक्सर तो उठल्यावर लावा.