अजून किती वेळा सिद्ध करायचं?

परवा बहिणीला पुन्हा कर्जवाल्यांचा फोन. ‘डॉक्टरांचं नवं पत्र पाठवा.’ नवं कशाला? तुटलेला मज्जारज्जू वर्षभरात जुळून येतो का?

भाचा अमेरिकेत शिकत होता. अपघातानंतर सरकारी शैक्षणिक कर्ज माफ झालं. कायमच्या अपंगत्वासाठी तिथे तशी तरतूद आहे. पण ती राबवली कशी? पूर्वी माफीनंतर तीन वर्षं कमाईचा हिशेब द्यावा लागायचा. एकट्या २०१५ या आर्थिक वर्षात ६१,००० हून जास्त अपंगांची कर्जं पुन्हा मानगुटीवर बसली. त्यातल्या ९८ टक्के जणांचा गुन्हा काय, तर फॉर्म भरला नाही! अंथरुणाला खिळलेल्या माणसाने टपालाची वाट बघत बसायचं? २०२१ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे वृद्धांना आणि अपंगांना भत्ता देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याच्या, नोंदी जुळवल्या आणि ३,२३,००० हून जास्त लोकांना अर्जाशिवाय माफी जाहीर झाली. नोंदी सरकारकडेच होत्या! मग इतकी वर्षं या लोकांना का पळवलं?

आणि खासगी कर्ज? त्याला ही माफी लागूच नाही. २०१८ च्या कायद्याने विद्यार्थी दगावला तर नव्या कर्जांच्या सहकर्जदाराची सुटका होते. अपंग झाला तर नाही! भाच्याच्या खासगी कर्जावर सहकर्जदार म्हणून सही माझ्या बहिणीची आहे. रात्री दर दोन तासांनी उठून ती लेकाची कूस बदलते, दिवसभर दुकानात उभी राहते आणि हप्ता भरते. मुलगा वाचला, त्याचा हा दंड?

पुढचा फोन मी घेणार आहे.