पाठ टेकणं वेगळं, डोकं हलणं वेगळं

गेले काही दिवस आपल्याकडच्या तालमींच्या, जिमच्या आणि बॉक्सिंगच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. मला तो मिरजेतून आला, कराडहून आला, साताऱ्याच्या एका मित्राने पाठवला आणि शेवटी माझ्याच हॉलमधल्या पोराने मोबाईल पुढे धरून दाखवला. त्याचं सार असं: स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, पडलास तर दहा मोजायच्या आत उठ आणि त्याच गड्याशी, त्याच संध्याकाळी परत भिड. बाहेर बसलास तर भीती कायमची बसते. शुद्ध गेली नाही म्हणजे डोक्याला काही झालेलं नाही, आणि हेडगार्ड आहेच. मार खाऊनच हनुवटी घट्ट होते, म्हणजे ठोसा पचवायची ताकद येते. मुहम्मद अलीसुद्धा पडला आणि उठून लढला. ही पैलवानांची माती आहे, इथली पोरं बसून राहत नाहीत. रात्री हळद-दूध घे, झोप, सकाळी सगळं ठीक.

मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. या मजकुरावर बोलायलाच हवं, कारण तो दाखवणारा पोरगा आदल्याच दिवशी माझ्यासमोर पडला होता.

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकल्यावर डावा हात गालाशी परत आणायचा, तो त्याने छातीशी आणला. समोरच्याचा उजवा वरून आला. पोरगा गुडघ्यातून बसला, दोन सेकंदांत उठला आणि म्हणाला, "काय न्हाई झालं सर." मी थांबवलं. ग्लोव्हज काढताना विचारलं, कितवा राउंड चालू होता? म्हणाला, पहिला. दुसरा संपत आला होता. बाकावर बसून त्याने बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली. मग मला विचारलं, "सर, आज स्पारिंग हाय का?" पाच मिनिटांत हे त्याने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

शुद्ध त्याची एक क्षणही गेली नव्हती. म्हणून 'शुद्ध गेली नाही म्हणजे काही झालं नाही' हा मुद्दा मी सगळ्यात आधी घेतो. तो या मजकुरातला सगळ्यात घातक मुद्दा आहे. मेंदूला धक्का बसतो तेव्हा बहुतेक वेळा माणूस बेशुद्ध पडतच नाही. मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. हनुवटीवर कडेने ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं आणि थांबतं. भरलेली घागर गर्रकन फिरवून एकदम धरा, घागर थांबते पण आतलं पाणी फिरत राहतं. मेंदूचंही तसंच होतं, त्याच्या बारीक तंतूंना पीळ आणि ताण बसतो. बाहेरून ना रक्त दिसतं ना टेंगूळ. दिसतं ते असं: तोच प्रश्न पुन्हा विचारणं, डोकं जड होणं, उजेड नकोसा वाटणं, मळमळ, तोल जाणं, विनाकारण चिडणं. यातलं काही काही तर घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून नाचणारे पालक मी पाहिलेत. सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव आणि हाडाची मोड दाखवतो. असा धक्का त्यात दिसतच नाही, तो ओळखायचा माणसाच्या वागण्यावरून.

आता पैलवानांच्या मातीबद्दल. या मजकुराला आपल्या भागात एवढी पकड का मिळते ते मला नीट कळतं. १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. हिंदकेसरी मारुती माने आमच्या कवठेपिरानचे. माझे आजोबा तालमीत जायचे. हौद्यातली माती खणून तिच्यात तेल, ताक, लिंबू आणि इथलीच हळद घालायचे, ते मी लहानपणी हाताने केलंय. त्या मातीत वस्ताद पहिली गोष्ट शिकवतो ती पडायची. संध्याकाळभर पोरगं पन्नास वेळा पडतं, अंगाची माती झटकतं आणि परत सलामी देतं. तिथे 'उठ आणि परत भिड' हे अगदी बरोबर आहे. तसं केल्याशिवाय पैलवान घडत नाही.

पण कुस्तीत पाठ टेकणं हा निकाल असतो. डाव बसला, चितपट झाली, कुस्ती संपली, आणि पडलेल्याचं डोकं जागेवर असतं. बॉक्सिंगमध्ये पडणं हे लक्षण असतं. पाय अचानक मऊ झाले, कारण वरून येणारा हुकूम क्षणभर तुटला. दोन्ही ठिकाणी माणूस जमिनीवरच दिसतो, म्हणून आपण एकाचं औषध दुसऱ्याला देतो. आणि खरे जुने वस्ताद आठवा. डोक्याला डोकं आपटून पोरगं गरगरलं तर ते त्याला कडेला बसवायचेच. माती झटकून उठ असं तेव्हा म्हणत नसत.

याचा अर्थ बॉक्सिंगमध्ये पडलेल्या प्रत्येकाला घरी पाठवा असा नाही. पाय अडकून पडला, ढकलला गेला, तोल गेला, तर हसून उठावं आणि चालू ठेवावं. उजव्या बरगडीखाली यकृतावर बसलेला ठोसा तर एक सेकंद काहीच कळू देत नाही, मग श्वास अडकतो आणि धडधाकट गडी घडी घालून खाली बसतो. ती कळ भयंकर असते, पण डोकं साफ असतं. गुडघ्यावर थांबावं, नाकातून आत घेऊन तोंडाने लांब श्वास सोडावा, कळ ओसरली आणि पोट मऊ आहे असं पाहिलं की त्याच संध्याकाळी हलक्या हाताने परत उतरायला हरकत नाही. एवढ्यापुरता तो मजकूर खरा आहे. ठोसा डोक्याला लागून पडला असेल, किंवा न पडता नुसता डगमगला असेल, तर त्या दिवसाचं काम संपलं. तो 'बरा आहे' म्हणाला तरी संपलं. ज्या अवयवाला मार बसलाय त्यालाच आम्ही विचारत असतो की तू बरा आहेस का.

मग रिंगमध्ये रेफरी आठपर्यंत मोजून परत का लढवतो, असं पोरं विचारतात. दहा सेकंदांत उठला नाही तर हरला, हा नियम बॉक्सिंगच्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासूनचा आहे. पण लगेच उठला तरी रेफरी आठपर्यंत मोजतो ते तपासायला. आठपर्यंत मोजताना रेफरी पोराच्या डोळ्यांत बघतो, हात वर करायला लावतो, जवळ चालत यायला सांगतो, आणि जरा शंका आली तरी लढत थांबवतो. रिंगशेजारी डॉक्टर बसलेला असतो. हौशी बॉक्सिंगच्या नियमावलीत, डोक्यावरच्या माराने लढत थांबली तर निदान ३० दिवस लढत बंद, आणि सरावातलं स्पारिंगसुद्धा बंद. फिरणाऱ्या मजकुरात दहा आकडे आलेत, हे ३० दिवस कुठेच आलेले नाहीत.

अलीचंही तसंच. ८ मार्च १९७१, पंधरावा राउंड, समोरच्या जो फ्रेझरचा डावा हुक, म्हणजे कडेने वळवून मारलेला ठोसा, अली पाठीवर पडला आणि लगेच उठला. तो क्षण मीही शंभरदा पाहिलाय आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. पण ती जागतिक विजेतेपदाची लढत होती. ती संपल्यावर अलीच्या सुजलेल्या जबड्याचा एक्स-रे काढायला त्याला रुग्णालयात नेलं. त्याची पुढची लढत जुलैत झाली. जिंकलेला फ्रेझर परत लढला तो थेट पुढच्या जानेवारीत. आपली पोरं मात्र कुठल्याही पदकाशिवाय, गुरुवारच्या सरावात, शुक्रवारी चाचणी परीक्षा असताना तेच करायला बघतात.

भीतीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मला कुणी शिकवायला नको. एकोणीस वर्षांचा असताना एका हॉलमध्ये मी असाच पडलो. शिकवणाऱ्यांनी उठवून परत उतरवलं, भीती मोडायची म्हणून. मी आणखी तीन राउंड खेळलो. त्यातला एकही मला आठवत नाही. मोटरसायकलवरून घरी आलो, तो रस्ताही आठवत नाही. नंतर दोन आठवडे आईने मिक्सर लावला की मी दुसऱ्या खोलीत जायचो. आणि भीती? ती त्या तीन राउंडनीच घातली. डोकं सुन्न असताना हात उशिरा उठतो, उशिरा उठलेल्या हाताच्या जागी ठोसा बसतो, आणि अंग तेवढंच शिकतं: समोर उभं राहिलं की लागतं. पुढे जवळजवळ वर्षभर समोरच्याचा खांदा हलला की माझे डोळे आपोआप मिटायचे. जे टाळायला मला परत ढकललं, तेच पदरात पडलं.

भीती जाते ती अंगाला 'हा ठोसा मला दिसतो आणि मला तो चुकवता येतो' हे पुन्हा पुन्हा पटवून. त्यासाठी डोकं ताजं लागतं. माझ्याकडे रीत अशी आहे. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, अभ्यासही हलका. मग चालणं, मग दोरी आणि हलकं पळणं, मग शॅडो, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे, मग पॅड आणि बॅगवर ठोसे. प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस. त्रास परत सुरू झाला तर एक पायरी खाली. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय डोक्याला हात लागेल असं काहीही नाही, आणि पोराला आधी शाळा-कॉलेज नीट झेपलं पाहिजे, मगच रिंग.

स्पारिंगकडे परत येताना मी तोच गडी समोर उभा करतो आणि तोच ठोसा मागतो, पण पाण्यात हात फिरवावा इतका सावकाश. हा येतोय, हा आला, हात गालाशी, डोकं किंचित बाहेर. वीसदा, पन्नासदा. डोळा मिटायचा थांबला की वेग थोडा वाढवायचा. मग फक्त जॅबचा राउंड. पूर्ण स्पारिंग सगळ्यात शेवटी. मधल्या बसलेल्या दिवसांत त्याच्याबरोबर त्या पडण्याचा व्हिडिओ बघतो, तोही त्याची तयारी असेल तरच. बहुतेक पोरं बघून मोठा सुस्कारा सोडतात. आपण कमकुवत आहोत असं त्यांना वाटत असतं, आणि दिसतं एवढंच की हात चार बोटं खाली होता.

लाजेचं ओझं भीतीपेक्षा जड असतं, हे कुणी बोलत नाही. आपल्याकडे पोरगं घरी पोहोचायच्या आधी 'पडला' ही बातमी चौकात पोहोचते. म्हणून मी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना पडल्यावर काय करायचं ते शिकवतो. उसळून उठायचं नाही. एक गुडघा टेकवून थांबायचं, मोजणाऱ्याकडे बघायचं, आठ पूर्ण होईपर्यंत श्वास गोळा करायचा आणि मग उभं राहायचं. आणि ज्याने पाडलं त्याने येऊन खांद्यावर हात ठेवायचा. हे शेवटचं मी कधीही सोडू देत नाही.

हनुवटी घट्ट होते यावर फार लिहीत नाही. मान घट्ट करता येते, तिचा उपयोग होतो, मानेचे व्यायाम जरूर करा. मेंदूला घट्टे पडत नाहीत. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बॉक्सरांची अडखळती बोली आणि डळमळती चाल यांवर १९२८ सालीच हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी लिहिलं होतं. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कान वाचतो, पण घागर फिरायची ती फिरतेच. प्रौढ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हौशी लढतींतून तर २०१३ साली ते काढूनच टाकलं होतं.

हळद-दूध प्या, आमच्या सांगलीच्या हळदीला मी कधी नाही म्हणणार नाही. झोपूही द्या. पण घरात कुणीतरी जागं असू दे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठण्याइतकी गुंगी, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहान-मोठ्या, हातापायाची शक्ती जाणं, फिट येणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या. डोकं दुखतं म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आणि पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे क्वचित होतं. पण ज्याच्या घरी होईल त्याला क्वचित या शब्दाने काय मिळणार?

तो पोरगा सहाव्या दिवशी दोरीवर आलाय. पहिले चार दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. त्याच्या आईला मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "पोरगं नुसतं झोपतंय ओ सर," दुसऱ्यांदा म्हणाल्या, आज स्वतःहून पुस्तक उघडलं. काल त्याला बाकावर वही देऊन बसवलं आणि सांगितलं, जॅबनंतर कोणाकोणाचा हात खाली येतो ते मोज. एका राउंडमध्ये अकरा वेळा, असं त्याने लिहून आणलं. ज्याने त्याला पाडलं त्याचेच अकरा. दोघं त्या वहीवर वाद घालत जिना उतरले आणि एकाच गाडीवरून घरी गेले.