किमची कोणाची, चप्पल कोणाची

आमच्या दाजींनी परवा घरच्या ग्रुपवर लिहिलं, "चप्पल कोल्हापूरची. जीआयमध्ये कर्नाटकाला निम्मा वाटा दिलाच कशाला?" मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, ते प्रकरण जून 2025 चं. पण दाजींचा राग इटलीवरून कधीच कर्नाटकातल्या अथणीकडे वळलाय. 2019 च्या या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, महाराष्ट्राचे 4 जिल्हे आहेत, कर्नाटकाचेही 4. अथणीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी घरं आहेत, हे दाजींना ठाऊक नाही असं नाही. पण माझं आजोळ कर्नाटकातलं निपाणी. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं: "तू त्यांचीच!"

मी राहते सेऊलला. इथे हाच वाद देशादेशांत चालतो. नोव्हेंबर 2020 मध्ये सिचुआनच्या पाओ चाय या लोणच्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक मिळालं आणि एका चिनी वर्तमानपत्राने ते जणू किमचीचंच, म्हणजे कोरियाच्या तिखट आंबवलेल्या कोबीच्या लोणच्याचंच असल्यासारखी बातमी छापली. मानकात स्वच्छ लिहिलं होतं की हे किमचीला लागू नाही. पण वाचतंय कोण! आमच्या ऑफिसातली एरवी तोंडातून शब्द न काढणारी माणसंसुद्धा खवळली. आणि ऑफिसखालच्या खानावळीतल्या पाटीवर काय? तांदूळ कोरियाचा, किमचीची कोबी चीनची, मिरचीपूडही चीनची. कोरिया बाहेरून किमची आणतो ती जवळजवळ सगळी चीनमधूनच. मिरची तर मुळात अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. तांबड्या रश्श्यावर त्यांनी अजून हक्क सांगितला नाही, हे नशीब.

सेऊलमधल्या ग्वांगह्वामुनच्या चौकात राजा सेजोंगचा भलामोठा सोनेरी पुतळा आहे. चिनी अक्षरं सामान्यांना जमत नाहीत म्हणून 1446 मध्ये हांगुल लिपी जाहीर करणारा हा राजा. त्याच्या पाठीमागे राजवाड्याच्या दरवाजावर 2023 मध्ये नवी पाटी लागली, ती चिनी अक्षरांत! पूर्वी तशीच होती म्हणून. त्यावर वाद झाला, पण पाटी तिथेच आहे आणि भाड्याचे हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घातलेली पोरं तिच्याखालून फुकटात आत जातात.

दाजींना मी 2004 चं उदाहरण देते. कोगुर्यो हे जुनं राज्य आजच्या उत्तर कोरियात आणि ईशान्य चीनमध्ये पसरलेलं. ते कोणाचं यावर दोन्हीकडचे इतिहासकार हातघाईवर आलेले. युनेस्कोने सुझौच्या एकाच बैठकीत उत्तर कोरियातली थडगी नोंदवली आणि चीनमधल्या राजधान्याही. भांडण मिटलं नाही, पण दोन्ही जागा टिकल्या. जपानचं अरिता पोर्सेलिन घ्या. 1592 ते 98 च्या जपानच्या कोरियावरच्या स्वारीत पकडून नेलेल्या कोरियन कुंभारांशिवाय ते उभंच राहिलं नसतं. मग काय, कोरियावाले कपबशा परत मागणार?

2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात एक बाई हानबोक घालून चीनचा झेंडा नेणाऱ्यांत चालली. इथे गहजब झाला: "आमचा पोशाखही चोरला!" मीही तावातावाने बोलले, कुणी विचारलेलं नसताना. पण ती बाई उभी होती चीनमधल्या कोरियन लोकांच्या वतीने. ते 17 लाखांच्या आसपास आहेत, त्यांच्या यानब्यान या भागात दुकानांच्या पाट्यांवर कोरियन अक्षरंही असतात. म्हणजे ती आमच्या निपाणीच्या आज्जीसारखीच झाली की. सरकारी फॉर्म कन्नडमध्ये, ओव्या मराठीत. उद्या बेंगळुरूच्या मिरवणुकीत निपाणीची बाई नऊवारी नेसून आली, तर तिने लुगडं चोरलं म्हणायचं?

दाजी यावर लिहितात, "तिकडे बसून शहाणपणा सोपा असतो." सोपा असतो, खरंय. इथे माझं काहीच पणाला लागलेलं नसतं. चुसॉक या कोरियन सणाला ऑफिस गावाला जातं, मी घरात पुरण वाटते. पण इथल्या बऱ्याचशा इंडियन हॉटेलांचे मालक नेपाळी आहेत. सहकारी मला मोठ्या प्रेमाने तिथे नेतात, चीज घातलेलं गोड नान मागवतात आणि विचारतात, "घरची आठवण आली ना?" तेव्हा वाटून घेतलेल्या वारशाचं माझं सगळं तत्त्वज्ञान गळून पडतं. मी ठामपणे सांगते, "हे आमचं नाही. आमच्याकडे भाकरी असते."